चाळीस जीबी शांतता

बाबा गेल्यावर तिच्या वाट्याला जे काही आलं त्यात एक कॉम्प्युटर गेमही होता, आणि त्या गेमला राहायला जागा उरली नव्हती.

जागा म्हणजे इंटरनेटवरची. ज्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर बाबांनी तो ठेवला होता ती विकली गेली, आणि नव्या मालकांनी आल्या आल्या भाडेकरूंची छाननी सुरू केली. 'प्रिय ग्राहक,' असं ईमेलमध्ये होतं, 'आपल्या खात्यावरून लोक जेवढा डेटा उतरवून नेतात तो आमच्या नव्या धोरणात बसत नाही. या महिनाअखेर आपलं खातं बंद होईल. आपल्याला शुभेच्छा.' ती वाचनालयात काउंटरवर बसली होती. समोरचे गृहस्थ चहाचा डाग पडलेलं पुस्तक पुढे करून, हा डाग आधीपासूनच होता, असं तिला पटवत होते. तिने मान हलवली आणि ईमेल पुन्हा वाचला. प्रिय ग्राहक म्हणजे बाबा. जाऊन सहा महिने झालेल्या माणसाला घर खाली करायची नोटीस, वर शुभेच्छा.

बाबा रेडिओत ध्वनिमुद्रक होते. रेडिओवाल्यांची एक रीत असते. मुलाखत संपते, पाहुणे उठायच्या बेतात असतात, तेवढ्यात ध्वनिमुद्रक हात वर करतो: कुणी हलू नका. सगळे जागच्या जागी थिजतात आणि तो त्या खोलीची नुसती शांतता टिपून घेतो. पुढे तुकडे जोडताना फटी बुजवायला ती लागते. दुसऱ्या खोलीची चालत नाही, कारण दोन खोल्यांची शांतता कधीच सारखी नसते. बाकीच्यांचं काम मिनिटभरात भागायचं. बाबांना तास लागायचा, आणि कामाच्या जागी तेवढा वेळ कुणी देत नसल्यामुळे ते ती हौस घरी भागवायचे. लहानपणीच्या कितीतरी दुपारी तिने अशा काढल्या होत्या: खोलीच्या चार कोपऱ्यांत चार मायक्रोफोन, मधे ती पुस्तक घेऊन बसलेली, आणि पान उलटायला बंदी. उघडी असलेली दोन पानं तासभर पुन्हा पुन्हा वाचायची. कितीतरी पुस्तकांची मधलीच दोन पानं तिला तोंडपाठ होती. पुढे ती ग्रंथपाल झाली तेव्हा आत्या म्हणाली होती, "होणारच. बिचारीला उरलेली पानं बघायची होती."

निवृत्तीनंतर बाबांनी त्या सगळ्या शांतता एकत्र केल्या आणि त्यांचा गेम बनवला. नाव ठेवलं 'आत्ताच उठून गेले'. खेळणारा एका रिकाम्या घरात शिरतो. घराला दहा खोल्या, आणि प्रत्येक खोली बाबांच्या आयुष्यातल्या वेगळ्या घरातून उचललेली. कुणी अंगावर धावून येत नाही, दार आपटत नाही. फक्त ऐकायचं आणि ओळखायचं, की या घरातलं माणूस शेवटी कुठल्या खोलीतून उठून गेलं. उत्तर दर वेळी वेगळं. बरेच खेळणारे लिहायचे की नंतर आपल्याच घरात फिरताना कसंतरी होतं. एकाने लिहिलं होतं, 'काहीच होत नाही, पैसे परत करा.' गेम फुकट होता. बाबांनी ते वाक्य मोठ्या अक्षरात छापून खोलीच्या दारावर लावलं होतं.

गेमचा कोड लिहिणारा पोरगेलासा दिसणारा, पण चाळिशीचा माणूस होता. बाबा त्याला कंजूष म्हणायचे, कारण तो डेटाचा कण न् कण वाचवायचा. नोटीस आल्याचं कळताच तो रविवारी हजर झाला. बाबांच्या घरी आता आत्या एकटीच राहत होती, आणि दर रविवारी ती आत्याकडे यायची.

"ताई, मी सरांना आधीच सांगितलं होतं," तो बूट काढता काढताच म्हणाला. "गेम दीड जीबीचा आहे. उरलेले चाळीस नुसती शांतता! प्रत्येक खोलीचं एक मिनिट ठेवा, तेच फिरवत राहू. कुत्र्यालाही कळणार नाही."

"बाबांना कळायचं."

"तुम्ही लहान असतानाच्या खोलीत अख्ख्या तासात काय होतं माहितेय? एकदा तुम्ही आवंढा गिळता. बस! त्यासाठी चार जीबी."

"माझी पोर आवंढासुद्धा मापात गिळायची," आत्या आतून म्हणाली. "तुझ्यासारखी नाही. तू चहा पितोस तर शेजारचे खिडक्या लावतात."

कंजूष हसला, पण मुद्दा सोडला नाही. त्याने तिला समजावून सांगितलं. सर्व्हरवर सामान ठेवायचं भाडं किरकोळ असतं. खरा खर्च येतो ते सामान लोक उतरवून नेतात तेव्हा. दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठोड्यावर जकात. आणि आपलं गाठोडं हत्तीएवढं.

त्या आठवड्यात तिने होस्टिंग शोधायला घेतलं. वाचनालयाच्या मधल्या सुट्टीत डबा एका हाताने खात ती एकेका कंपनीशी बोलत होती. एका ठिकाणी 'अमर्याद' असं ठळक लिहिलेलं होतं.

'अमर्याद म्हणजे कितीही?' तिने चॅटवर विचारलं.

'होय. वाजवी वापराच्या मर्यादेत अमर्याद.'

'वाजवी म्हणजे किती?'

'सर्वसाधारण ग्राहक वापरतो तितका.'

'सर्वसाधारण ग्राहक किती वापरतो?'

'वाजवी वापरतो.'

तिने डबा बंद केला. दुसरी कंपनी मोजमाप करत नव्हती, पण तिचा वेग असा की गेम उतरायला दोन दिवस लागावेत. तेवढ्या वेळात माणसाचा विचार बदलतो. मोठी गेम-दुकानं एवढी जड फाईल फुकट ठेवायला तयार नव्हती. शेवटी एक बरी कंपनी सापडली. दुसऱ्या टोकाला खरंखुरं माणूस होतं, वेग चांगला होता, आणि भाडं तिच्या पगारातून निघण्यासारखं. फक्त महिन्याचा कोटा ठरलेला. तो संपला की पुढच्या महिन्यापर्यंत दार बंद.

कोटा पुरेल का हे बघायला तिने कंजूषला जुन्या सर्व्हरवरून रोज किती डेटा उतरतो त्याचा आलेख दाखवला. खरं तर तो आलेख कुणाला दाखवावा असं तिला वाटत नव्हतं. बाबा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी तो उघडून बसायची. खेळणारे तुरळक असायचे, एखाद्या आठवड्यात दोघेतिघे, एखाद्यात कुणीच नाही. पण रोज दुपारी चारच्या सुमारास एक उंचवटा असायचाच. कुणीतरी, कुठेतरी, रोज अख्खा गेम उतरवून घेत होतं. रोज, नव्याने. बाबा गेले त्या दिवशीही तो उंचवटा होता. अंत्यविधीच्या दिवशीही. जगात एक माणूस असा आहे ज्याला बाबांची शांतता रोज लागते, या एका गोष्टीवर तिने ते महिने रेटले होते. आत्याला सांगितलं तेव्हा आत्या नुसतं "हं" म्हणाली होती, आणि तेव्हापासून दोघी त्याला 'चारचा पाहुणा' म्हणत.

कंजूषने आलेख बघून कपाळाला हात लावला. "ताई, घोडं इथे अडलंय! नव्या कंपनीचा अख्खा कोटा हा एकटाच खाईल. बाकीच्यांनी काय करायचं? बंद करा त्याला. माणूस नाहीच आहे हा, काहीतरी यंत्र आहे. माणूस एवढा नेमाने येत नाही."

"रोज येणारा एकच आहे. त्यालाच दार लावू?"

"मग शांतता कापा. दोन्हीपैकी एक करावंच लागेल."

तिने दोन दिवस मागितले. तिच्या डोळ्यांपुढे पाहुण्याची खोली यायची. कधी म्हातारा, कधी आजारी मुलगी, कधी नुसती खुर्ची आणि खुर्चीत कुणी नाही. पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारताना तिला एकदम वाटून जायचं की पाहुण्याला आपण ओळखतो. मग ती शिक्का दोनदा मारायची.

शेवटी तिने जुन्या कंपनीकडे पाहुण्याचा पत्ता मागितला. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, तो. त्यांनी कुरकुरत पाठवला. पुढच्या रविवारी तिने तो कंजूषपुढे ठेवला. तो सोफ्यावर बसून लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होता. त्याचे हात थांबले. त्याने क्रमांक पुन्हा वाचला, मग स्वतःच्या पडद्याकडे बघितलं.

"ताई, मी आत्ता तुमच्याच वायफायवर आहे ना?"

"हो. का?"

"माझाही हाच क्रमांक आहे." त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "पाहुणा या घरातला आहे."

घरात आत्याशिवाय कुणी नव्हतं, आणि आत्याला टीव्हीचा आवाज वाढवायचा झाला तरी कुणाला तरी हाक मारावी लागे. ती वळली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती. चार वाजायला आले होते. आत्याने स्टूल उचललं, बोळात नेलं आणि बाबांच्या बंद खोलीपाशी ठेवून त्यावर बसली. आत्या रोज या वेळी तिथे बसते हे तिला ठाऊक होतं. म्हातारपण, एकटेपण, असं समजून तिने कधी विचारलं नव्हतं. खोली आत्यानेच बंद केली होती, बाबांना दवाखान्यातून परत आणायची गरज उरली नाही त्या दिवशी. "दादाची खोली आहे तशी राहू दे," ती म्हणाली होती. "आत गेलो तर मोडेल."

"ऐक," आत्या आता म्हणाली.

बंद दारापलीकडे काहीतरी जागं झालं. आधी बारीक गुणगुण, मग चढत गेलेला वारा, जसं कुणी लांब श्वास घेऊन तो सोडायचं विसरावं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"रोज."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? दादा येतो म्हणून सांगू? तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस." आत्याने चहाचा घोट घेतला. "मी वेडी नाही. यंत्र आहे एवढं मला कळतं. पण यंत्र तरी उगाच कुणासाठी जागं होईल?"

किल्ली आत्याने स्वतःच काढून दिली. कुलूप उघडेपर्यंत आतला आवाज चालू होता. दार ढकललं तेव्हा कोंडलेल्या कापडाचा वास आला. भिंतींना लावलेल्या जाड रजया, बाबांची खुर्ची टेबलापासून जरा मागे सरकलेली, जसा माणूस हातावर भार देऊन उठला असावा. टेबलाखाली कॉम्प्युटरचा एक हिरवा दिवा. खुर्चीत बसणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर, स्टँडला लावलेला एक मायक्रोफोन, आणि त्याचाही दिवा चालू.

कंजूषने खुर्चीला न शिवता वाकून एक बटण दाबलं. पडदा उजळला. तो बराच वेळ वाचत राहिला.

"सरांनी स्वतः लिहिलंय हे," तो शेवटी म्हणाला. "किती गचाळ लिहिलंय! पण चालतंय. रोज चारला कालचा गेम पुसून टाकायचा. सर्व्हरवरून नवा उतरवायचा, परक्या माणसासारखा. मग उघडायचा, या खोलीची शांतता स्पीकरवर वाजवायची, मायक्रोफोनने ऐकायची, आणि सगळं आलं असेल तर लिहायचं, 'पूर्ण पोचलं'." तो सरळ झाला. "स्वतःचाच गेम रोज मागवत होते. आणि यंत्राला कुणी थांब म्हटलंच नाही."

तिला एकदम स्वयंपाकघरातला जुना रेडिओ आठवला. बाबा स्टुडिओत काम करून घरी यायचे आणि तोच कार्यक्रम त्या खरखरत्या डब्यावर पुन्हा ऐकायचे. तुम्हीच तर केलाय, असं म्हटलं की म्हणायचे, "आपण काय पाठवलं ते सोड. काय पोचलं ते ऐकायचं."

मायक्रोफोनने ऐकलेलंही सगळं साठवलेलं होतं. तारखांची रांग. तिने बाबांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीची तारीख शोधली आणि हेडफोन घातले. खोलीची शांतता. तिच्याखाली दबलेली दुसरी, जड, नाकातून येणारी लय. श्वास. खुर्ची कुरकुरली. मग अगदी कानाशी बाबा म्हणाले, "हं. पोचलं." आणि उठले.

तिने दुसऱ्या दिवशीची तारीख लावली. तीच खोली. श्वास नाही. एखाद्या ओळखीच्या वाक्यातला एक शब्द कुणीतरी पुसावा तसं. तिने घाईने पुढची लावली, मग पुढची, बाबा गेले त्यानंतरचीही. तिथे तिचा हात थांबला. खूप लांबून, दाराच्या पलीकडून, कुणीतरी बोलत होतं.

'...आज भाजीवालीशी भांडले, दादा. तू असतास तर हसला असतास. चहा केलाय. गार होतोय...'

तिने हेडफोन काढले. आत्या दारात उभी होती.

"काय आहे त्यात?"

"तू आहेस."

आत्याने हेडफोन कानाला नुसते टेकवले. ऐकताना तिचा चेहरा हळूहळू लाल झाला, लहान मुलीचा व्हावा तसा. "एवढं ऐकू जातं आत?"

"जातं."

"मग..." आत्याने हेडफोन टेबलावर अगदी अलगद ठेवले, जणू त्यात पाणी भरलेलं होतं.

कंजूषने घसा खाकरला. त्याचं मन मोठं होतं, फक्त दिसत नसे. "एक करता येईल. डाउनलोड काढून टाकतो. जो गेम इथे आहे तोच रोज चारला वाजेल. पंखा फिरेल, दिवा लागेल. कोटाही वाचेल. फरक कळणारच नाही."

"कुणाला कळणार नाही?" आत्याने विचारलं.

तिने आत्याकडे पाहिलं. हा निर्णय आपण घ्यायचा नाही, एवढं तिला कळत होतं. एकीकडे बाबांचा गेम, दहा खोल्या, तिचा स्वतःचा तो आवंढा. दुसरीकडे म्हाताऱ्या बाईचं रोजचं बोलणं, आणि ऐकणारं कुणीतरी.

आत्या बोळातल्या स्टुलावर जाऊन बसली. कप रिकामा झाला तरी हातात धरून होती. "दादा असल्या फसवाफसवीला कधी कबूल झाला नसता," ती म्हणाली. "बाहेरून आलं तर आलं. घरातल्या घरात काय पोचायचं?" मग कंजूषकडे वळून, "ए चिक्कू माणसा! त्या नव्या जागी सामान कधी हलवणार?"

"या आठवड्यात हलवतो."

"हलव. सगळं हलव, एक कण कापायचा नाही. आणि हलवलंस की यालाच आधी मागवू दे. नीट पोचतंय का ते त्याला एकदा ऐकू दे. मग बंद कर."

गेम नव्या सर्व्हरवर चढायला दोन दिवस लागले. कंजूषने एक खोलीही दाबून लहान केली नाही, फक्त सगळ्यांना ऐकू जातील असे सुस्कारे टाकले. पुढच्या रविवारी तो नवा पत्ता यंत्रात घालून बोळात जाऊन उभा राहिला. आत थांबायला त्याला संकोच वाटत होता. खोलीत त्या दोघीच. खुर्चीवर कुणी बसलं नाही.

चारला पंखा फिरू लागला. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. मधेच अडखळली तेव्हा आत्याने तिचं मनगट धरलं. पट्टी पुन्हा सरकली. चहा झाला, गारही झाला, आणि मग एकदाचं गेममधल्या घराचं दार उघडलं आणि स्पीकरमधून याच खोलीची शांतता या खोलीत उतरली. आत्याने हात वर केला. कुणी हलू नका. ती लहानपणी पुस्तक घेऊन बसायची तशी आत्याशेजारी उभी राहिली, पान न उलटता.

पडद्यावर अक्षरं आली. 'पूर्ण पोचलं.'

"हं," आत्या म्हणाली.

तिने वाकून बटण दाबलं. पडदा काळा झाला, हिरवा दिवा गेला, मायक्रोफोनचाही गेला. आत्याचा हात अजून वर होता, म्हणून ती हलली नाही. शेजारी आत्याचा श्वास ऐकू येत होता, म्हातारा, तुटक. तिचा स्वतःचा. आणि या दोन्हींखाली दबलेली एक जड लय, नाकातून येणारी. तिने आपला श्वास रोखला. आत्यानेही रोखला असावा, कारण तो थांबला. तिसरा चालूच राहिला. मग खुर्ची कुरकुरली, हातावर भार देऊन कुणी उठावं तशी, आणि खोली नुसती खोली झाली.

आत्याने हात खाली घेतला.

"यंत्र बंद केलं तरी पंखा थांबायला जरा वेळ लागतो," बोळातून कंजूष म्हणाला.

"हो, लागतो," ती म्हणाली, आणि खोलीचं दार उघडंच ठेवून बाहेर आली.